लिखाणाची बोडी

पूर्व विदर्भातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 साली ‘पटेल-3’ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब इतरांपेक्षा वेगळे दिसले. त्यांनी ते बाजूला काढून जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे लावले आणि हेच वर्षानुवर्षं करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचं, चांगल्या उताऱ्याचं एक वाण हाती आलं. 1990 च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं ते लावलं आणि तिथून ते बाजारात गेलं. वाणाला नाव नव्हतं. त्या काळी एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून व्यापाऱ्यांनीच त्याला ‘एचएमटी’ म्हणायला सुरुवात केली. 1998 साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं आणि मूळ काम कोणाचं, हा वाद पुढं बरीच वर्षं चालला. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला, तोवर त्या पहिल्या लोंबाला दोन दशकं उलटून गेली होती. 3 जून 2018 रोजी दादाजी गेले.

ही धानाची गोष्ट आहे, तशीच ती नोंदीचीही आहे. दादाजींचं निरीक्षण शास्त्रज्ञाच्या तोडीचं होतं. पण ‘अमुक साली, अमुक बांधीत, मला हे दिसलं’ असं लिहून चारचौघांसमोर ठेवायला त्यांच्याजवळ जागा नव्हती. छापखाना दूर, वर्तमानपत्र दूर, विद्यापीठ त्याहून दूर. आज ती जागा गावातल्या शाळेला फुकट मिळते. तिला ब्लॉग म्हणतात. मनोरंजनाच्या आणि जाहिरातीच्या गर्दीत ब्लॉग हा शब्द आता जुनाट वाटू लागला आहे. शाळेच्या दृष्टीनं मात्र त्याची खरी उपयोगाची वेळ अजून यायची आहे.

जहाजाच्या नोंदवहीपासून

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची अशी वही, जिच्यात सगळ्यांत ताजं पान सर्वांत वर असतं. प्रत्येक नोंदीला, म्हणजे पोस्टला, आपोआप तारीख पडते. लिहिणाऱ्याचं किंवा शाळेचं नाव लागतं. प्रत्येक पोस्टला स्वतंत्र पत्ता असतो, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं एखादं पान आजही नेमकं उघडता येतं. पोस्टला विषयाची चिठ्ठी चिकटवता येते. तिला लेबल म्हणतात. ‘पाऊस’ या लेबलवर बोट ठेवलं की पावसावरच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक येतात. आणि खाली वाचकाला चार शब्द लिहायला जागा असते.

अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या जस्टिन हॉल या विद्यार्थ्यानं जानेवारी 1994 मध्ये स्वतःविषयी लिहिण्याचं एक पान इंटरनेटवर सुरू केलं. या प्रकारच्या लेखनाच्या आरंभकर्त्यांत त्याचं नाव घेतात. 17 डिसेंबर 1997 रोजी जॉर्न बार्गर यानं अशा पानाला ‘वेबलॉग’ म्हटलं. लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही; कप्तान तिच्यात रोजचा वारा, वेग आणि दिशा लिहितो. 1999 मध्ये पीटर मेरहोल्झ यानं गमतीनं त्या शब्दाचे तुकडे पाडून ‘वी ब्लॉग’, म्हणजे ‘आम्ही ब्लॉगतो’, असं केलं आणि ‘ब्लॉग’ उरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा आली. तिनं संगणकाची भाषा न शिकता कोणालाही पान काढता येऊ लागलं. 2003 मध्ये गूगलनं ब्लॉगर विकत घेतलं आणि त्याच वर्षी ‘वर्डप्रेस’ सुरू झालं. आजही नवशिक्यासाठी हेच दोन मुख्य पर्याय आहेत.

मराठीत ब्लॉगला ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन शब्द सुचवले गेले. दोन्ही सुरेख आहेत, पण जिभेवर रुळले नाहीत. तरी ‘अनुदिनी’तला दिवस ध्यानात ठेवावा, कारण ब्लॉगची सगळी ताकद त्या तारखेत आहे.

तारखेची किंमत किती, याचं एक उदाहरण आपल्या हळदीचं आहे. जखम भरायला हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या आपल्या संस्थेनं त्याला आव्हान दिलं. घरोघरी आजी हळद लावते, एवढं म्हणून भागणार नव्हतं. लिहिलेला, छापलेला पुरावा हवा होता. जुने ग्रंथ आणि 1953 साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख असे दाखले पुढं ठेवले गेले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टसुद्धा कोणीतरी तारखेसह लिहिलेली असावी लागते.

मराठी अक्षरांचा अडसर गेला

मराठीत ब्लॉग लिहिणं एके काळी अवघड होतं. डीटीपीच्या दुकानात जे फॉन्ट वापरले जात, त्यांत ‘क’ या अक्षराला प्रत्येकाचा वेगळा क्रमांक असे. लिहिणाऱ्याचा फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकात नसला, तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं उमटत. युनिकोडनं हा घोळ संपवला. त्यात जगातल्या जवळपास प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच कायमचा क्रमांक आहे. देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे, पण विंडोज 2000 आणि त्यानंतरच्या संगणकांमुळे ती प्रत्यक्ष वापरात आली. आता साध्या मोबाइलवर मराठी कळफलक असतो. 2017 पासून तर गूगलच्या कळफलकात मराठी बोलून लिहिण्याचीही सोय आहे. ज्या गुरुजींना टाइप करणं जमत नाही, त्यांनी मुलाची वही समोर धरून मोठ्यानं वाचली तरी मजकूर उमटतो. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं तेवढी नंतर तपासावी लागतात.

जंगलपट्ट्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, अशी शंका लगेच येते. इथं थोडं गणित करू. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका अक्षरखुणेला तीन बाइट लागतात. तीनशे शब्दांच्या निबंधात साधारण दोन हजार खुणा धरल्या, तर मजकूर झाला सहा हजार बाइट, म्हणजे सहा केबी. मोबाइलनं काढलेला एक फोटो सहज दोन एमबी भरतो. त्या एका फोटोच्या जागेत असे तीनशेहून अधिक निबंध मावतील. पानाच्या सजावटीचं वजन वेगळं धरलं, तरी व्हिडिओ पाहण्यापेक्षा मजकूर वाचणं किती तरी हलकं पडतं. जिथं व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो, तिथंही अक्षरं बहुधा पोहोचतात.

नाला आणि बोडी

आता प्रश्न असा की शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप असताना ब्लॉग कशाला?

याचं उत्तर झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्याला, समजावून सांगायला नको. इथं वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण नुसत्या पावसावर धान पिकत नाही. रोवणी झाल्यावर पाऊस पंधरा दिवस दडी मारतो, तेव्हा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, साठलेलं पाणी कामाला येतं. म्हणून गोंड राजांच्या काळापासून इथं तलाव बांधले गेले. कोहळी समाजानं त्यात नाव कमावलं आणि पूर्व विदर्भात हजारो तलाव नि बोड्या उभ्या राहिल्या. पाणी पडलं किती, यापेक्षा अडवलं किती, याला या मुलखात महत्त्व आहे.

व्हॉट्सअॅप हा नाला आहे. सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर चांगली कृतिपत्रिका आली, दुपारपर्यंत तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पूर आला. महिन्याभरानं ती हवी असेल, तर कोणाकडं मागायची? फेसबुकचंही थोडंफार तसंच. ब्लॉग ही बोडी आहे. तिच्यात टाकलेलं थांबतं, दिसतं, शोधलं की सापडतं, आणि उन्हाळ्यातही काढता येतं. निरोप देण्यासाठी ग्रुप चांगला, साठवण्यासाठी ब्लॉग.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी हे आधीच ओळखलं होतं. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या आगेमागे राज्यात शिक्षकांच्या ब्लॉगची लाट आली. कोणी शासन निर्णय एकत्र ठेवले, कोणी पाठांवरच्या कृतिपत्रिका, कोणी शिष्यवृत्तीचे सराव संच, कोणी कवितांच्या चाली. संगणकाचं शिक्षण न घेतलेल्या शिक्षकांनी रात्री जागून, एकमेकांना फोनवर विचारत हे उभं केलं. आडगावच्या एकशिक्षकी शाळेतल्या मॅडमना तालुक्याला न जाता कागद मिळू लागला, ही लहान गोष्ट नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून धड्यामागची सामग्री मुलांच्या हाती दिली आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या शाळेतूनही जगाला काही देता येतं, हे त्यातून दिसलं.

पण या लाटेची एक बाजू कडू आहे. 2010 पासून शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि शिक्षकानं प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहावी, असं ठरलं. नोंद त्या मुलाला पाहून लिहायची होती. थोड्याच दिवसांत ब्लॉगांवर तयार नोंदींच्या याद्या आल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘आत्मविश्वासाने बोलतो’ ही वाक्यं गोंदियापासून कोल्हापूरपर्यंतच्या प्रगतिपत्रकांवर जशीच्या तशी उतरली. साधन तेच होतं. त्यातून एकमेकांना मदतही झाली आणि मुलाकडं न पाहता मुलाविषयी लिहिण्याची सवयही लागली. अनेक ब्लॉग तर एकमेकांची नक्कल करत मोठे झाले. म्हणून शाळेसाठी ब्लॉगचा सर्वांत मोलाचा उपयोग उतरवून घेण्याचा नाही. मुलांनी स्वतः पाहिलेलं लिहिण्याचा आहे.

वाचक मिळाला की

आपल्या शाळेतल्या निबंधाला वाचक एकच, तोही लाल पेनवाला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात मुलं मोर नाचवतात आणि कागदाच्या होड्या सोडतात, कारण गाइडात तसं आहे. नागभीडच्या मुलाचा पावसाळा वेगळा असतो. आई रोवणीला गेलेली असते, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, धुऱ्यावरून चालताना पाय घसरतो, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटणाऱ्या बायांचं गाणं लांबून ऐकू येतं. हे तो लिहीत नाही. हे लिहिण्याजोगं असतं, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

फ्रान्सच्या दक्षिणेतल्या बार-सुर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले होते. तासन् तास मोठ्यानं बोलून शिकवणं त्यांना झेपत नसे. ते मुलांना गावात फिरायला नेत. परत आल्यावर मुलं पाहिलेलं सांगत आणि लिहीत. 1924 मध्ये फ्रेने यांनी एक छोटं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलं स्वतःच्या मजकुराचे खिळे स्वतः जुळवू लागली आणि छापलेली पानं ब्रिटनीतल्या समुद्रकाठच्या त्रेगँक गावच्या शाळेला पोस्टानं जाऊ लागली. डोंगरातली मुलं समुद्राविषयी वाचू लागली, समुद्राकाठची डोंगराविषयी. दूरच्या मुलाला समजलं पाहिजे, म्हणून वाक्य नीट करण्याची गरज मुलांना स्वतःलाच पटली. ब्लॉगचं शैक्षणिक तत्त्व शंभर वर्षांपूर्वी तिथं तयार होतं. फक्त इंटरनेट नव्हतं. आपल्याकडची हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं त्याच जातीची. बालभारतीनं 1971 मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकानं मुलांच्या वाचनाला मोठं अंगण दिलं. ब्लॉगनं त्या अंगणात प्रत्येक शाळेला स्वतःचा ओटा बांधता येतो.

दोन मुलींची उदाहरणं सांगतो. पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात तालिबाननं जानेवारी 2009 पासून मुलींच्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला. अकरा वर्षांची मलाला युसूफझाई ‘गुल मकई’ या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहू लागली. ती हातानं कागदावर लिही. एक पत्रकार ते पुढं पोहोचवत. म्हणजे जगभर वाचल्या गेलेल्या त्या ब्लॉगच्या लेखिकेच्या हातात लिहिताना फक्त पेन होतं. संगणक नाही, या सबबीला यातून उत्तर मिळतं. नाव झाकूनही खरं लिहिता येतं, हेही यातून दिसतं.

दुसरी मुलगी स्कॉटलंडची मार्था पेन. 2012 मध्ये नऊ वर्षांच्या मार्थानं शाळेतल्या जेवणाचा रोज फोटो काढून त्यावर लिहायला सुरुवात केली. जेवण किती घासांत संपलं, चवीला किती गुण, हे ती मोजून मांडे. स्थानिक प्रशासनानं फोटो काढायला बंदी केली, त्यावर इतका गदारोळ झाला की लगेच ती मागं घ्यावी लागली. तिच्या लिखाणामुळे जमलेल्या एक लाख पौंडांहून अधिक देणगीतून आफ्रिकेतल्या मुलांच्या शाळेतल्या जेवणाची सोय झाली. या मुलीनं भाषणबाजी केली नाही, तिनं मोजलं. आपल्या मुलांनाही मोजून लिहायला शिकवता येईल.

नागभीडच्या वर्गाचा ब्लॉग

समजा, तालुक्यातल्या एखाद्या शाळेनं सातवीच्या वर्गाचा ब्लॉग काढला. त्यात काय असेल?

पाऊस असेल. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीनं पाणी मोजायचं आणि मिलिमीटर लिहायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या नोंदींतून सरासरी येते, आलेख येतो, आणि दोन-तीन वर्षांनी तुलना करता येते. गणित, भूगोल आणि विज्ञान एका डब्यात बसतात.

धान असेल. पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी झाली, तुडतुडा कधी दिसला, लोंब कधी आले, कापणीनंतर पुंजणे कधी रचले गेले. गावात कोणकोणती वाणं आहेत आणि त्यांची नावं कशी पडली. पडलेल्या प्रश्नांची यादी करून जवळच्या सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राकडं पाठवता येते आणि आलेलं उत्तर पुढच्या पोस्टमध्ये देता येतं.

रेल्वे असेल. नागपूरहून नागभीडला येणारी नॅरोगेज गाडी 2019 मध्ये रूळ बदलण्यासाठी थांबली. आज पाचवीत असलेल्या मुलाला ती आठवत नसेल. त्याच्या आबाजींनी तिच्यातून नागपूर गाठलेलं आहे. मुलांनी आबाजींना विचारावं : तिकीट किती होतं, वेळ किती लागायचा, डब्यात कोण भेटायचं? मग अंगणात खडूनं दोन रेघा 762 मिलिमीटर अंतरावर माराव्यात आणि दोन 1,676 वर. पहिली नॅरोगेज, दुसरी ब्रॉडगेज. फरक पायाखाली दिसला की लक्षात राहतो. त्या रेघांचा फोटो आणि आबाजींची आठवण, झाली पोस्ट.

शब्द असतील. पुस्तकात ‘भातलावणी’ आणि ‘बांध’ असतं. घरी ‘रोवणी’ आणि ‘धुरा’. मुलानं घरचा शब्द लिहिला, तर तो खोडू नये. उलट झाडीबोलीतल्या शब्दांचं एक लेबल करावं आणि प्रत्येक शब्दापुढं तो कोण, कधी, कशासाठी वापरतं, हे लिहावं. गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलांचे शब्द शेजारी यावेत. दूरच्या वाचकाला अर्थ सांगताना मुलाला स्वतःच्या भाषेची श्रीमंती कळते.

या ब्लॉगचा आठवडा सोपा आहे. सोमवारी विषय ठरवावा. बुधवारपर्यंत वहीत कच्चं लिहावं. गुरुवारी शेजारच्या मुलानं वाचून, न कळलेल्या जागी प्रश्नचिन्ह करावं. शुक्रवारी मुलानं दुरुस्ती करावी. शनिवारी सकाळच्या शाळेत पोस्ट टाकावी आणि तिची छापील किंवा हातानं लिहिलेली प्रत फळ्याशेजारी लावावी, म्हणजे ज्यांच्या घरी मोबाइल नाही तेही वाचतील. महिन्याला चार पोस्ट पुरेत. चांगल्या लिखाणाची घाई नसते.

काढायचा कसा

शाळेच्या नावानं एक जीमेल खातं उघडावं. ब्लॉगरच्या संकेतस्थळावर त्या खात्यानं जाऊन ‘नवा ब्लॉग’ निवडावा, नाव मराठीत द्यावं आणि पत्ता रोमन अक्षरांत, लहान नि लक्षात राहील असा निवडावा. साधं, पांढऱ्या पार्श्वभूमीचं रूप घ्यावं. नाचणारी चित्रं आणि सरकत्या पाट्या पानाला जड करतात. मग ‘नवी पोस्ट’वर जाऊन शीर्षक, मजकूर आणि लेबल भरून प्रकाशित करावं. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, दुसऱ्यांदा दहा मिनिटं. प्रतिक्रिया आधी शिक्षकानं पाहाव्यात आणि मगच दिसाव्यात, ही सोय सेटिंगमध्ये आहे; ती पहिल्याच दिवशी चालू करावी. तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःहून गूगल खातं उघडता येत नाही. म्हणून वर्गाचा ब्लॉग शिक्षकांच्या हातात राहावा आणि मुलांनी वहीतून मजकूर द्यावा, हे नियमालाही धरून आहे.

कुंपण

धानाच्या बांधीला रानडुकरांपासून कुंपण लागतं, तसं याही कामाला लागतं.

मुलांची पूर्ण नावं, घरचा पत्ता, चेहऱ्याचे जवळून काढलेले फोटो टाकू नयेत. पहिलं नाव किंवा ‘सातवीतली एक विद्यार्थिनी’ एवढं पुरतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत ब्लॉग दाखवून लेखी संमती घ्यावी.

दुसऱ्याचा मजकूर किंवा चित्र विचारल्याशिवाय उचलू नये. कुठून घेतलं, हे लिहिण्याची सवय लहानपणी लागली, तर पुढं प्रबंध लिहिताना उपयोगी पडते.

या भागासाठी आणखी दोन गोष्टी. घोडाझरी परिसर 2018 मध्ये अभयारण्य झाला आणि तालुक्याभोवतीच्या जंगलात वाघाचा वावर नित्याचा आहे. शाळेच्या वाटेवर वाघ दिसल्याचं मुलानं जरूर लिहावं, पण पाणवठा किंवा पिलांची जागा कळेल असा ठावठिकाणा देऊ नये. वाचकांत शिकारीही असू शकतो. तसंच औषधी झाडपाल्याचं किंवा बियाण्याचं गावातलं ज्ञान टाकण्याआधी ग्रामसभेला विचारावं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावांना लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. कोणती नोंद गावात ठेवायची आणि कोणती जगासमोर मांडायची, हे गावानंच ठरवायचं.

गाळ

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारीची पद्धत, गेली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, झाले. पाळ पूर्वी कोण नीट करायचं आणि गाळ कोण उपसायचं, हे ठरलेलं होतं. आता ते कुणाचंच काम राहिलं नाही. कित्येक तलाव गाळानं उथळ झाले.

शाळांच्या ब्लॉगचंही असंच होतं. एका उत्साही सरांनी स्वतःच्या खात्यावरून ब्लॉग काढला, दोन वर्षं चालवला, मग बदली झाली. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला आणि पान तिथंच थिजलं. म्हणून खातं शाळेचं हवं, पासवर्ड मुख्याध्यापकांकडं सीलबंद हवा आणि पदभार देताना कपाटाच्या किल्लीबरोबर तोही सोपवावा. वर्षातून एकदा सगळा मजकूर उतरवून पेनड्राइव्हवर आणि छापील फाइलमध्ये ठेवावा. कारण फुकट मिळालेली जागा कायमची नसते. लाखो लोकांची पानं असलेलं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं आणि 2014 मध्ये ऑर्कुट. छापील प्रत गावाच्या ग्रंथालयात राहिली, तर पुढच्या पिढीला ती नेटवर्कशिवायही वाचता येईल.

दादाजींच्या गोष्टीतली एक बाब सांगायची राहिली. एचएमटीवर ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षांत त्यांनी आणखी वाणं निवडून तयार केली. पहिलं वाण बिननावाचं बाजारात गेलं होतं आणि घड्याळाचं नाव घेऊन परतलं होतं. नंतरच्या वाणांची नावं पाहा : ‘नांदेड-92’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’. पहिल्या दोनांत गाव आहे. तिसऱ्यात दादाजी रामाजी खोब्रागडे आहेत. तिसरी शिकलेल्या माणसानं हा धडा स्वतःच काढला होता.

गुरुजींनो, मॅडम, येत्या रोवणीला पहिली पोस्ट टाका. वर्गातल्या मुलांच्या घरच्या बांध्यांत या वर्षी कोणकोणतं धान लागलं, एवढीच यादी चालेल. खाली तारीख, गाव आणि शाळेचं नाव लिहायला विसरू नका.